मे महिन्याची नवी गाणी : डुआ, बिली आणि आमच्या घरातलं एक भांडण

मी आत्ता पंखा बंद करून रेकॉर्ड करतेय, कारण मागच्या भागानंतर तुमच्यापैकी तिघांनी विचारलं होतं की मागे हेलिकॉप्टर उतरत होतं का. तर पंखा बंद, खिडकी बंद, घामाच्या धारा. त्यामुळे इकडचं तिकडचं न बोलता थेट विषयावर येते. बघू किती जमतंय ते.

आज १ जून. म्हणजे मे २०२४ मध्ये आलेल्या पॉप गाण्यांचा हिशोब. मी समीक्षक नाही हे दर वेळी सांगते, आजही सांगते. मी फॅन आहे. आणि आजच्या भागात फॅन असण्याबद्दलच जरा जास्त बोलायचंय, कारण या महिन्यात मी त्यात थोडी माती खाल्लीये.

सुरुवात डुआ लिपापासून. ३ मेला तिचा तिसरा अल्बम आला, 'रॅडिकल ऑप्टिमिझम'. ११ गाणी, जेमतेम ३६-३७ मिनिटं. आधी माझा पक्षपात सांगून टाकते. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर गायला आली होती, केटी पेरी पण होती, त्या गर्दीत मी होते. नंतर 'फ्यूचर नॉस्टॅल्जिया' आला २७ मार्च २०२० ला. लॉकडाऊन लागून दोन दिवस झाले होते! त्या अल्बमवर मी भांडी घासलीयेत, लाद्या पुसल्यायत, गच्चीत एकटी नाचलीये. त्यामुळे या वेळी अपेक्षा म्हणाल तर आभाळाएवढ्या.

आणि काय झालं? अल्बम वाईट नाहीये. पण 'हुडिनी' आपण नोव्हेंबरपासून ऐकतोय, 'ट्रेनिंग सीझन' फेब्रुवारीत आलं, 'इल्यूजन' एप्रिलमध्ये. आणि माझ्या मते अल्बममधली सगळ्यात भारी गाणी हीच तीन. म्हणजे लग्नाला गेलो, पंगतीत बसलो आणि कळलं की जिलेबी आधीच घरोघरी वाटून झालीये. बाकी वरणभात चांगला आहे हो, पण जिलेबी?

टेम इम्पालावाला केविन पार्कर यात आहे, डॅनी एल हार्ल आहे. मुलाखतींमध्ये डुआ ब्रिटपॉप आणि सायकेडेलिक संगीताबद्दल भरपूर बोलली होती. मला ते अल्बममध्ये शोधावं लागलं. 'हुडिनी'चा बेस मात्र चांगल्या हेडफोनवर ऐका, फोनच्या स्पीकरवर तो अर्धा गायबच होतो. आणि शेवटचं 'हॅपी फॉर यू' सोडू नका. आपला एक्स दुसऱ्या कुणाबरोबर सुखात दिसतो आणि आपल्याला चक्क बरं वाटतं, असं गाणं आहे ते. इतकं मोठं मन माझं नाही, पण गाणं आवडलं.

आता बाकीच्यांचं भराभर. एस्पाचा पहिला पूर्ण अल्बम 'आर्मगेडन' २७ तारखेला आला. त्यातलं 'सुपरनोव्हा' दोन आठवडे आधीच आलं होतं आणि ते डोक्यातून जात नाहीये. आंघोळ करताना, बस पकडताना, झोपताना तेच. ट्वेंटी वन पायलट्सचा 'क्लॅन्सी' २४ ला आला. त्यांची ती अल्बम-अल्बम चालणारी लांबलचक गोष्ट ज्यांना माहितीये त्यांच्यासाठी दिवाळी. मला नाही माहिती, त्यामुळे मी पाहुण्यासारखी कोपऱ्यात बसून ऐकला.

त्याच दिवशी आरएमचा 'राइट प्लेस, राँग पर्सन'. बीटीएसवाल्यांनो, शांत व्हा, बोलते त्यावर. आरएम डिसेंबर २०२३ पासून सैन्यात होता, त्यामुळे अल्बम आला तेव्हा तो स्वतः प्रमोशनला कुठेच नाही. आणि अल्बमही असा की त्याला कुणाला खूश करायची पडलेलीच नाहीये. 'कम बॅक टू मी' हे सहा मिनिटांचं गाणं आहे, सावकाश चालतं, मध्येच शीळ आहे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे सुरू कधी होणार? तिसऱ्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे संपू नये. के-पॉप म्हणजे नुसती नाचगाणी असं म्हणणाऱ्या तुमच्या त्या एका मित्राला हा अल्बम पाठवा.

आणि हो, मे महिन्यातल्या प्रत्येक हळदीत जे वाजलं ते 'गुलाबी साडी' नवीन नाहीये, संजू राठोडचं ते गाणं फेब्रुवारीतलं आहे, म्हणून या यादीत घेत नाहीये. दोन-चार जणांनी मेसेज केले होते म्हणून सांगितलं.

तर, बिली आयलिश.

१७ मेला तिचा तिसरा अल्बम आला, 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट'. १० गाणी, ४४ मिनिटं. आणि तिने आधी एकही गाणं सोडलं नाही. सगळं एकदम ऐका, असं तिचं म्हणणं होतं. जिलेबी पानातच वाढणार.

आता मी स्विफ्टी आहे, हे तुम्हाला माहितीये. टेलर स्विफ्टचा 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट' एप्रिलमध्ये आला, १६ गाणी, आणि दोन तासांनी अजून १५. एकूण ३१. पहिल्या आठवड्यात अमेरिकेत २६ लाखांवर आकडा गेला. तेव्हापासून बिलबोर्डच्या अल्बम चार्टवर तीच पहिली. मग बिली आली. आणि बिली येते त्याच दिवशी टेलरने तिच्या अल्बमच्या तीन नव्या डिजिटल आवृत्त्या विकायला काढल्या, प्रत्येकीत गाण्याचा फोनवर रेकॉर्ड केलेला एकेक कच्चा खर्डा. झालं, इंटरनेटवर महाभारत. त्यातच मार्चमध्ये बिली एका मुलाखतीत म्हणाली होती की एकाच अल्बमच्या ढीगभर व्हिनाइल काढणं हा निव्वळ कचरा आहे. नाव कुणाचं घेतलं नव्हतं, पण लोकांनी घेतलं. आणि खरं सांगायचं तर बिलीच्या व्हिनाइलसुद्धा वेगवेगळ्या रंगांत आल्याच. शिवाय तिच्याही डिजिटल आवृत्त्या आल्या, नुसत्या आवाजाची, वेग वाढवलेली, वेग कमी केलेली. म्हणजे पत्ते दोघींनीही पिसले.

२६ मेच्या रात्री आकडे आले. टेलर ३,७८,०००. बिली ३,३९,०००. टेलर पहिली, बिली दुसरी.

आणि मी काय केलं? आमच्या मावस-मामेभावंडांच्या ग्रुपवर लगेच स्क्रीनशॉट टाकला. कारण माझी मावसबहीण बिलीची कट्टर फॅन आहे. खाली लिहिलं, "दहा गाण्यांत एवढंच होणार." आणि वर तीन हसणारे इमोजी.

तिचं एका ओळीत उत्तर आलं, "ताई, तू तो एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलास का?" आणि ती ग्रुपमधून बाहेर पडली.

मला वाटलं, काय नाटकं! दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. "अगं, काय बोललीस तू तिला?" मग कळलं. २१ तारखेला बारावीचा निकाल लागला, तिला हवे होते तेवढे मार्क पडले नाहीत. त्या दिवसापासून पोरगी खोलीचं दार लावून हेडफोन घालून पडून असायची. जेवायला बोलावलं तरी "हे गाणं संपू दे" म्हणायची. निकालाचं मला माहिती होतं. मी "काँग्रॅट्स" असा मेसेजही केला होता. पण तिने त्यावर नुसता अंगठा पाठवला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. हे सगळं मी तिला विचारूनच सांगतेय हं.

आणि तिच्या प्रश्नाचं उत्तर होतं, नाही. मी दहा दिवसांत 'लंच' ऐकलं होतं आणि 'बर्ड्स ऑफ अ फेदर' ऐकलं होतं, तेही रीलमध्ये. मत मात्र अख्ख्या अल्बमवर होतं.

मग मी बसून त्या चार्टचं गणित नीट बघितलं. तुम्हीही ऐका, मजा आहे. विकल्या गेलेल्या अल्बमचा एक युनिट, ते सरळ आहे. पण स्ट्रीमिंगमध्ये, २०२४ मध्ये पैसे भरून वापरणाऱ्यांनी अल्बममधली गाणी मिळून १,२५० वेळा वाजवली तर एक युनिट धरायचे. फुकट, जाहिरातींसकट ऐकणाऱ्यांची ३,७५० वेळा. आता करा भागाकार. १० गाण्यांचा अल्बम पैसे भरणाऱ्यांनी १२५ वेळा पूर्ण ऐकला तर एक युनिट व्हायचा. ३१ गाण्यांचा साधारण ४० वेळा ऐकला तरी व्हायचा. म्हणजे गाणी जितकी जास्त तितका आकडा लवकर फुगतो. माझ्या "दहा गाण्यांत एवढंच होणार"मध्ये गणित बरोबर होतं, पण ते गाण्यांबद्दल काहीच सांगत नव्हतं.

आणि सगळ्यात मोठा विनोद पुढे आहे. हा चार्ट फक्त अमेरिकेतलं ऐकणं आणि अमेरिकेतली विक्री मोजतो. म्हणजे मी टेलरसाठी रात्री झोपताना म्यूट करून फोन चालू ठेवायचे ना, हो, ठेवायचे, हसू नका, त्यातला एकही स्ट्रीम त्या ३,७८,००० मध्ये नाही. माझ्या बहिणीने अख्खा आठवडा रडत-रडत ऐकलं, तेही त्या ३,३९,००० मध्ये नाही. आम्ही दोघी ज्या मॅचवरून भांडलो, त्या मॅचमध्ये आमची टीम उतरलेलीच नव्हती.

तर मग मी ऐकला. रात्री साडेअकराला, दिवा बंद करून, क्रमाने. क्रमाने यासाठी म्हणतेय की फुकटच्या ॲपवर तेव्हा गाणी हवी त्या क्रमाने लागतच नव्हती, ते आपल्या मनाने उलटसुलट वाजवायचे. या अल्बमचं त्याने फार नुकसान व्हायचं. पहिलं 'स्किनी' अगदी हळू आहे, नुसता तिचा आवाज आणि गिटार, शेवटी व्हायोलिन वगैरे येतात आणि त्यातून तुम्ही सरळ 'लंच'च्या ठेक्यावर येऊन आदळता. रीलमध्ये 'लंच' मला नुसतं चटपटीत वाटलं होतं. 'स्किनी'नंतर ऐकलं तेव्हा कळलं की कोंडलेल्या खोलीतून कुणीतरी बाहेर आलंय. एका मुलीला दुसरी मुलगी आवडलीये आणि ती ते बिनधास्त सांगतेय.

'चिहिरो' पाच मिनिटांचं आहे, नाव 'स्पिरिटेड अवे'मधल्या मुलीचं. त्यात शेवटी सिंथ असा चढत जातो की मी उठून बसले. 'लामूर द मा व्ही' सुरू होतं जुन्या हॉटेलातल्या गाण्यासारखं आणि मध्येच कुणीतरी बटण दाबल्यासारखं नाचायचं गाणं होतं. ते जोडकाम मला अजूनही पूर्ण पटलेलं नाही. फिनियस, म्हणजे तिचा भाऊ, तो सगळं संगीत बघतो, त्याला कधी कधी दोन गाणी एकात बसवायचा मोह होतो असं माझं मत. 'द डायनर' मला कंटाळवाणं वाटलं, बहीण यावर भांडणार आहे.

पण 'द ग्रेटेस्ट'. सहावं गाणं. बरोबर मध्यावर. आपण एखाद्यासाठी किती केलं आणि त्याला पत्ताच नाही, असा विषय. बिली म्हणजे कुजबुजणारी, असंच आपण धरून चालतो ना? इथे ती आधी तशीच गाते, आवाज दाबून, आणि मग एका जागी ड्रम आणि गिटार फुटतात आणि ती पूर्ण गळ्याने ओरडते. मी हेडफोन काढून ठेवला आणि दोन मिनिटं तशीच बसले. मला एवढंच आठवत होतं की दार बंद करून पडलेली आमची पोरगी हे दिवसातून किती वेळा ऐकत असेल, आणि मी तिला हसणारे इमोजी पाठवले.

दुसऱ्या दिवशी फोन केला. सॉरी म्हटलं. ती "हं" म्हणाली. मग मी म्हटलं, 'द ग्रेटेस्ट' ऐकलं. तर पुढची वीस मिनिटं मला बोलायलाच मिळालं नाही. तो गिटार कुठे घुसतो, त्याच्या आधी ती श्वास कसा घेते, 'ब्लू' शेवटी का ठेवलंय, सगळं. मार्कांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही काढला. शेवटी म्हणाली, "आता तुझे ते ३१ मी ऐकते. पण दोन तास लागतात ताई, जरा वेळ दे."

ग्रुपवर ती अजून परत आलेली नाही. मी पाठवलेली लिंक दोनदा एक्स्पायर झाली.

माझं मत विचाराल तर मे महिन्याचा अल्बम बिलीचा. स्विफ्टी मंडळी, कमेंटमध्ये या, मी तयार आहे. फक्त येताना एकदा क्रमाने ऐकून या, ४४ मिनिटंच आहेत, ठाणे ते सीएसएमटी फास्ट लोकलमध्ये जवळजवळ एवढाच वेळ जातो.

७ जूनला चार्ली एक्ससीएक्सचा 'ब्रॅट' येतोय. '३६०' ऐकलं असेलच तुम्ही, नसेल तर आजच ऐका. पुढच्या महिन्यात त्यावर बोलू. तुमचा मे महिन्यातला आवडता अल्बम कुठला ते व्हॉइस नोट करून पाठवा, एक मिनिटाच्या आत, प्लीज. मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती. पंखा लावते आता. भेटू!