घंटी वाजवणारा माणूस



मोठी विज्ञान परिषद म्हटली की व्यासपीठ डोळ्यांसमोर येते. माझे काम मात्र गेली काही वर्षे व्यासपीठामागचे. सादरीकरणे आधी उघडून पाहायची, माइक तपासायचे, दालनांच्या पाट्या लावायच्या आणि हातात घड्याळ धरायचे.

भारतीय विज्ञान काँग्रेसचे पहिले अधिवेशन १९१४ साली कलकत्त्याला एशियाटिक सोसायटीत भरले. अध्यक्ष आशुतोष मुखर्जी. १०५ शास्त्रज्ञ, ३५ निबंध, तीन दिवस. २०२३ साली १०८ वे अधिवेशन आपल्या नागपूरला झाले, तोवर विभाग चौदा झाले होते. पसारा वाढला, दिवसाचे तास तेवढेच राहिले.

म्हणून घड्याळ महत्त्वाचे. कोणत्याही परिषदेत उद्घाटनाची भाषणे लांबली, तर मोठ्या वक्त्याचे काही जात नाही. कात्री लागते ती यादीतल्या शेवटच्या नावाला. ते नाव बहुधा रात्रभर गाडीने आलेल्या एखाद्या संशोधक विद्यार्थिनीचे असते. तिच्या वाट्याला दहा मिनिटे, त्यातली दोन प्रश्नांची. काही वर्षांची मेहनत तेवढ्यात मांडायची असते. ज्येष्ठांसमोर घंटी वाजवताना हात कचरतो. पण घंटी वाजली नाही, तर त्या मुलीची मिनिटे जातात.

शेवटी एक विनंती. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पाहुणे बोलत राहतात आणि मुले आपापल्या प्रतिकृतीपाशी ताटकळतात. यंदा आधी मुलांचे ऐकू, सत्कार नंतर करू.

माझी वेळ संपली.