रिट्रीव्हरच्या पिलाचें खाणें



आमच्या घरीं लॅब्रडॉरचें पहिलें पिलूं आलें तेव्हां तें आठ आठवड्यांचें होतें. पाहावयास आलेल्या प्रत्येकानें एकच प्रश्न केला, "याला खायला काय घालतां?" उत्तरहि ज्याचें त्यानेंच दिलें. कोणी दूधपोळी सांगितली, कोणी नुसतें कोंबडीचें मांस; एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं तर कॅल्शियमची बाटलीच आणून दिली. आम्हीं सर्वांच्या मताचा मान राखला. राजा चांगला गुबगुबीत झाला आणि येणारेजाणारे त्याचें कौतुक करूं लागले. सातव्या महिन्यांत तो जिना चढतांना मागील पाय आंखडूं लागला. पशुवैद्यांनीं क्ष-किरणांचें चित्र उजेडासमोर धरून त्याच्या खुब्याचा सांधा दाखविला. दोष मुळांत आनुवंशिक होता हें खरें. परंतु फाजील वजनानें आम्हींच तो वाढविला होता. त्यानंतर जें शिकलों, तेंच आज आपणांस सांगावयाचें आहे.

रिट्रीव्हर हा मूळचा कामकरी कुत्रा. लॅब्रडॉरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांबरोबर बर्फासारख्या पाण्यांत पोहत असत. गोल्डन रिट्रीव्हरची जात स्कॉटलंडमध्यें लॉर्ड ट्वीडमाउथ यांनीं १८६८ च्या सुमारास शिकारीसाठीं निपजविली. त्या कष्टांस साजेशी भूक या कुत्र्यांजवळ अजून आहे. कष्ट मात्र फ्लॅटच्या गॅलरीइतके उरले आहेत! शिवाय २०१६ सालीं केंब्रिजच्या संशोधकांना असें आढळलें कीं, सुमारें एक चतुर्थांश लॅब्रडॉरांमध्यें, पोट भरल्याची जाणीव देण्याशीं संबंध असलेल्या एका जनुकाचा लहानसा तुकडा गळालेला असतो. तेव्हां पिलूं केविलवाण्या डोळ्यांनीं ताटाकडे पाहतें म्हणून तें उपाशीच आहे असें समजूं नये.

आतां हाडांविषयीं. पूर्ण वाढलेल्या लॅब्रडॉर नराचें वजन साधारण २९ ते ३६ किलो भरतें, आणि त्यांतील बहुतेक भाग पहिल्या वर्षांतच अंगावर चढतो. हाडें कोंवळीं असतांना त्यांवर मांसाचा व चरबीचा भार लवकर पडला, कीं सांधे बिघडण्याचा संभव वाढतो. कॅल्शियमची गोष्ट तर याहून नाजूक आहे. प्रौढ कुत्र्याचें आंतडें जरुरीपुरतेंच कॅल्शियम घेतें व उरलेलें बाहेर टाकतें. पण सहा महिन्यांच्या आंतील पिलाला हें नीट साधत नाहीं. त्याच्या पोटांत जितकें घालावें तितकें तें बहुतांशीं शोषून घेतें. हॉलंडमधील उट्रेख्ट येथें १९८० नंतरच्या दशकांत ग्रेट डेन जातीच्या पिलांवर प्रयोग झाले, त्यांत अधिक कॅल्शियम दिलेल्या पिलांच्या हाडांची वाढच बिघडली. आमच्या बाटलीचें काय झालें असेल, याची कल्पना आपण करूं शकाल.

म्हणून नुसतें मांस घालावें, तर तेंहि चुकीचें. मांसांत फॉस्फरस पुष्कळ व कॅल्शियम अगदीं थोडें. अशा अन्नावर वाढणारें पिलूं आपल्याच हाडांतील कॅल्शियम काढून रक्ताची गरज भागवितें, व मग साध्या उडीनेंहि त्याचें हाड मोडतें. आपल्याकडील दूधपोळीनें पोट भरतें, पण त्यांतील प्रथिनें वाढत्या पिलाला अपुरीं पडतात, आणि पुष्कळांना दूध पचतहि नाहीं.

अशा वेळीं, मोठ्या जातीच्या पिलांसाठीं म्हणून मुद्दाम बनविलेलें तयार खाद्य निवडणें मला सर्वांत निर्धास्त वाटतें. 'पिलांसाठीं' एवढाच शब्द पाहून पिशवी घेऊं नये. 'मोठ्या जातीच्या' हे शब्दहि पाहावे. अशा खाद्याच्या शुष्क भागांत कॅल्शियम शेंकडा १.८ हून अधिक नसावें, अशी अमेरिकेंतील पशुखाद्य-नियंत्रकांच्या संघटनेची मर्यादा आहे. हें खाद्य सुरू केल्यावर वरून कॅल्शियम देऊं नये. घरींच शिजवावयाचें असेल, विशेषतः शाकाहारी घरांत, तर पशुवैद्यांकडून प्रमाणें लिहून घ्यावीं. अंदाजाचें काम येथें चालत नाहीं. जुन्या खाद्यावरून नव्यावर जातांना सात ते दहा दिवसांत थोडथोडें मिसळत जावें.

आणि किती द्यावें? अमेरिकेंत पुरिना कंपनीनें ४८ लॅब्रडॉर पिलांच्या जोड्या लावून त्यांना जन्मभर पाळलें. जोडींतील एकाला दुसऱ्याहून पाव हिस्सा कमी अन्न मिळे. २००२ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाले: कमी खाणाऱ्यांचें मध्यम आयुर्मान १३ वर्षें, तर दुसऱ्यांचें ११.२, शिवाय त्यांच्या खुब्यांचे सांधेहि पुष्कळ उशिरां झिजले. पिशवीवरील कोष्टक हा केवळ आरंभ समजावा. खरी परीक्षा हातानें करावी. बरगड्या दिसूं नयेत, पण हलक्या हातानें चांचपतांच लागाव्या. वरून पाहिलें असतां कंबर दिसावी. आठवड्यांतून एकदां पिलाला उचलून आपण कांट्यावर उभें राहावें, व मग आपलें वजन वजा करावें. चार महिन्यांपर्यंत दिवसांतून तीन-चार वेळां, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळां व पुढें दोन वेळां खाणें पुरे.

कांदा, लसूण, चॉकलेट, द्राक्षें व बेदाणे हीं कुत्र्याला विषासमान आहेत. म्हणजे आमटींत बुडविलेली पोळी नको आणि सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिराहि नको. शिजवलेलें हाड तर मुळींच देऊं नये. त्याचे कपचे आंतडें फाडतात.

राजा नऊ वर्षें जगला. शेवटचीं दोन वर्षें आम्हीं त्याला जिन्यावरून उचलून नेत होतों. आतां घरांत तारा आहे, चौदा महिन्यांची, २६ किलोची. माझ्या आईनें मात्र जेवतांना हळूच कांहीं तरी देण्याची संवय सोडलेली नाहीं. म्हणून सकाळींच ताराच्या मापांतले वीस दाणे एका वाटींत काढून आम्हीं आईच्या पाटाशेजारीं ठेवितों. ताराला त्यांतला फरक कळत नाहीं. आईला कळतो, पण ती कांहीं बोलत नाहीं.