समुद्रतळाची मशागत



गांडूळ हा शेतकऱ्याचा मित्र, हे आपण सर्व शाळेत शिकलो. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ साली आपला अखेरचा ग्रंथ लिहिला, तो याच क्षुद्र प्राण्यावर. परंतु पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखाली आहे. तिथल्या जमिनीची मशागत कोण करतो? आज आम्ही बोलणार आहोत ते याविषयी.

आपल्यापैकी जे कोकणातले आहेत त्यांनी खाडीचा चिखल तुडवला असेल. वरचा थर तपकिरी. पाय रुतला की खालून काळा गाळ निघतो आणि नासक्या अंड्यासारखा वास येतो. अशा गाळात प्राणवायू वरून काही मिलिमीटरच उतरतो. त्याखाली प्राणवायूवाचून जगणारे जंतू असतात. तो दुर्गंधी वायू त्यांचाच. पण याच गाळातले एखादे बीळ उभे कापून पाहावे. बिळाच्या कडेने तपकिरी पट्टा दिसतो. आतला किडा अंग हलवून ताजे पाणी खेळवतो, आणि त्याबरोबर प्राणवायूही खोल जातो.

याचे फळ मोठे आहे. प्राणवायू लागला की गाळातले लोह गंजते आणि ते स्फुरदाला धरून ठेवते. बिळालगतचे जंतू नत्राच्या संयुगांचा वायू करून तो परत हवेत धाडतात. किडा खणतो आपल्या पोटासाठी. जमाखर्च जुळतो तो समुद्राचा.

हा जमाखर्च बिघडला म्हणजे काय होते, हे उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्राने दाखवले आहे. त्याचे तोंड अरुंद. वर गोडसर पाणी, खाली खारे, आणि दोन्ही सहसा मिसळत नाहीत. विसाव्या शतकात शेतांतली खते व शहरांचे सांडपाणी त्यात उतरले. शेवाळ माजले, मेले, तळाशी कुजले आणि तिथला प्राणवायू संपला. बिळे करणारे प्राणी मेले. लोहाने धरलेला स्फुरद सुटून पाण्यात आला, आणि त्यावर पुन्हा शेवाळ पोसले. अशा ठिकाणचा गाळ वहीच्या पानांसारखा थरावर थर पडून राहतो. तो उकरायला कोणी उरलेले नसते.

१९८५ च्या सुमारास तिथे अमेरिकेकडचा एक किडा आला व पसरला. तो स्थानिक प्राण्यांपेक्षा खोल बिळे करतो. मग हाच समुद्राला तारील काय? काही ठिकाणी त्याचा उपयोग झाला असे अभ्यासक म्हणतात. पण खोल गाडलेली जुनी विषारी द्रव्येही तो वर आणतो. शिवाय जिथे प्राणवायू मुळीच नाही, तिथे तोही जगत नाही.

तात्पर्य, मजूर बाहेरून आणून भागत नाही. आधी घाण थांबवावी लागते. आपल्या गावचे गटार ज्या नदीला मिळते, ती नदी कोठे जाते, याचा विचार घरी जाताना प्रत्येकाने करावा, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.