कादंबरी, आठवणी आणि वाचकाची चौकशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला जो विषय दिला तो असा : हल्ली वाचलेल्या कादंबऱ्या आणि आठवणींची पुस्तके यांविषयी एका वाचकाने आपली मते सांगावीत. त्यातले ‘एका वाचकाने’ हे शब्द आम्हांला फार सोयीचे वाटले. समीक्षकाच्या डोक्यावर सिद्धान्तांचे ओझे असते, प्राध्यापकाच्या डोक्यावर अभ्यासक्रमाचे. वाचकाच्या डोक्यावर फार तर वाचनालयाचा दंड असतो. तेव्हा आज जे सांगू ते मत म्हणूनच ऐकावे. पटले तर घ्यावे, न पटले तर जाता जाता फाटकाशी सोडून द्यावे.

आणखी एक खुलासा. हल्ली वाचलेली म्हणजे हल्ली छापलेली असा अर्थ आम्ही केलेला नाही. गेल्या पावसाळ्यापासून आम्ही जी पुस्तके वाचली, त्यांतली बरीचशी आपल्या आजोबा-आजींनी वाचलेली आहेत. पुस्तक शिळे होत नाही, वाचणारा शिळा होतो. म्हणून मधून मधून जुनी पुस्तके पुन्हा उघडून आपणच किती टिकलो ते पाहावे.

ही पुस्तके शेजारी शेजारी ठेवून वाचताना आमच्या मनात एक विचार आला. आपण मराठी वाचक कादंबरी हातात घेतली की विचारतो, ‘यातली ही बाई म्हणजे नक्की कोण हो?’ आणि आत्मचरित्र हातात घेतले की विचारतो, ‘हे खरे कशावरून?’ म्हणजे रचलेल्या गोष्टीत आपण खरे शोधतो आणि खऱ्या गोष्टीत रचलेले. ही चौकशी आपल्याला निरुपद्रवी वाटते. जेवणानंतर सुपारी कातरावी तशी आपण ती करतो. पण तिची किंमत कोणीतरी मोजत असते, आणि ती मोजणारा लेखक असतो. बहुतेक वेळा ती लेखिका असते, किंवा गावकुसाबाहेरून आलेला लेखक असतो. आज आम्हांला सांगायचे आहे ते एवढेच. पुढचा सगळा त्याचा पुरावा आहे.

सुरुवात न्यायमूर्ती रानड्यांच्या घरातून करू. हे एका परीने उचितही आहे, कारण १८७५ साली पुण्याला वसंत ऋतूतल्या व्याख्यानांचा पायंडा पाडला तो त्यांनीच. त्यांच्या पत्नी रमाबाई यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० साली निघाले. नवऱ्याच्या सांगण्यावरून ही बाई शिकू लागते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या बायका तिला शब्दाशब्दाला टोचतात. हे सारे रमाबाई इतक्या शांतपणे सांगतात की राग त्यांच्याऐवजी वाचणाऱ्याला येतो. कलकत्त्याच्या मुक्कामात न्यायमूर्ती हजामतीला बसल्या बसल्या न्हाव्याकडून बंगालीचे धडे घेत, ही हकीकत त्यात आहे. ज्ञान कोणाकडूनही घ्यावे हा उपदेश शंभर व्याख्यानांनी साधणार नाही इतका त्या एका प्रसंगाने साधतो.

पण शीर्षकातला ‘आमच्या’ हा शब्द पाहा. पुस्तक संपते ते १९०१ साली, न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी. रमाबाई त्यानंतर १९२४ पर्यंत जगल्या. पुण्याचे सेवासदन त्यांनी उभे केले, हजारो मुलीबायांच्या शिक्षणाची वाट मोकळी केली. ते सारे या ‘आमच्या’ आयुष्यात बसत नाही. पती गेले तिथे आयुष्याच्या आठवणी संपल्या. हे कोणी सक्तीने करविले असे नव्हे. त्या काळच्या वाचकाला विधवेचे ‘मी’ रुचणार नाही हे त्यांना सांगावे लागले नसेल, इतकेच. आमचे मत असे की या पुस्तकाचा उत्तम भाग छापला गेला आणि तितकाच उत्तम भाग लिहिलाच गेला नाही.

याच शब्दाचा दुसरा उपयोग आम्हांला फलटणच्या बेबीताई कांबळे यांच्या पुस्तकात भेटला. त्याचे नाव ‘जिणं आमुचं’. ‘स्त्री’ मासिकातून ते आधी आले आणि १९८६ साली त्याचे पुस्तक झाले. बेबीताई आपले लहानसे दुकान चालवीत. गिऱ्हाईक नसेल तेव्हा लिहीत आणि कागद दडवून ठेवीत. ते लिखाण वर्षानुवर्षे तसेच दडून राहिले. घरात कळले तर काय होईल ही धास्ती. त्यांचे ‘आमुचं’ रमाबाईंच्या ‘आमच्या’हून निराळे आहे. त्यात नवरा नाही, साऱ्या महारवाड्याच्या बाया आहेत. आषाढातला सण, अंगात येणे, उपाशी बाळंतीण, सुनेचा छळ आणि मग बाबासाहेबांच्या हाकेने उठलेली वस्ती. आपल्या वस्तीतल्या पुरुषांनी बायकांना कसे जाचले तेही त्यांनी झाकलेले नाही. मात्र स्वतःला सोसावी लागलेली मारहाण पुस्तकात जवळजवळ नाही. ती त्यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितली. म्हणजे ‘आम्ही’ बोलले, ‘मी’ थांबले.

श्रोतेहो, या दोन पुस्तकांत पाऊणशे वर्षांचे अंतर आहे, आणि जातीचे अंतर तर मोजण्यापलीकडचे. तरी दोघींचीही ‘मी’ म्हणताना जीभ अडते. हा योगायोग नव्हे.

आठवणी लिहिताना एवढी अडचण, तर कादंबरी सोपी असेल असे कोणी म्हणेल. ‘ही कल्पित आहे’ असे सांगितले की सुटले! पण सुटत नाही. १९३३ साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह विभावरी शिरूरकर या नावाने निघाला. शिकलेल्या, मिळवत्या, लग्नावाचून राहिलेल्या मुलींचे मन त्यात प्रथमच इतके उघडे झाले होते. महाराष्ट्राने काय केले? त्या मुलींचे दुःख काय हा प्रश्न बाजूला राहिला आणि ‘ही विभावरी कोण?’ या प्रश्नावर गदारोळ माजला. हे पुरुषाचे लिखाण आहे अशीही शंका निघाली. ते नाव बाळूताई खरे, म्हणजे पुढच्या मालतीबाई बेडेकर यांनी घेतले होते. आम्ही त्या कथा परवा वाचल्या. कुठे कुठे रचना बेतलेली वाटते, भाषा थोडी हळवी होते. पण घराला मिळकत हवी म्हणून मुलीचे लग्न लांबवणारा बाप अजून जुना झालेला नाही. ज्या समाजाने लेखिकेचा पत्ता इतक्या उत्साहाने शोधला, त्याने त्या बापाचाही शोध घेतला असता तर बरे झाले असते.

मालतीबाईंचे यजमान विश्राम बेडेकर. त्यांची दोन पुस्तके लागोपाठ वाचावीत अशी आमची आग्रहाची सूचना आहे. पहिले ‘रणांगण’, १९३९ सालचे. कादंबरी लहान, एका बैठकीत संपणारी. युरोपातून निघालेली बोट, तिच्यावर हिटलरच्या जाचातून सुटून पूर्वेकडे निघालेले ज्यू, आणि स्त्रीजातीवर रुसलेला चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण. हर्टा नावाची जर्मन ज्यू मुलगी त्याच्यावर जीव टाकते. मुंबई येते, तो उतरतो. तिला उतरता येत नाही. पुढे तिने समुद्रात उडी घेतल्याची वार्ता येते. ज्या साली महायुद्ध पेटले त्याच साली एका मराठी लेखकाने युद्धाचे खरे रणांगण सामान्य माणसाच्या मनात असते हे ओळखले. इतकी वर्षे लोटली, जगात बोटी भरभरून निर्वासित अजून हिंडत आहेत, आणि ‘रणांगण’ काल लिहिल्यासारखे वाटते. आमच्या मते, मराठीत ज्या दहा कादंबऱ्या राखायच्या त्यांत हिचा नंबर वरचा लागेल.

लेखक स्वतः विलायतेला जाऊन आलेला, म्हणून हर्टा खरीच होती काय हे विचारणारे निघालेच. त्या मंडळींनी बेडेकरांचे आत्मचरित्र वाचावे. ‘एक झाड आणि दोन पक्षी’ हे त्याचे नाव. ते १९८४ साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. उपनिषदातला दाखला घेऊन त्यांनी शीर्षक केले : एक पक्षी फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. आणि पुस्तकभर ते स्वतःला ‘मी’ म्हणत नाहीत, ‘तो’ म्हणतात. पाहणारा पक्षी खाणाऱ्याविषयी बोलतो. जो माणूस कादंबरीत चक्रधराच्या तोंडून ‘मी’ म्हणू शकला, त्याला स्वतःच्या चरित्रात ‘तो’ म्हणावे लागले, ही मोठी अर्थपूर्ण गंमत आहे. हे काहींना कृत्रिम वाटते. आम्हांला तसे वाटत नाही. स्वतःला दूर ठेवल्यामुळेच ते स्वतःशी निष्ठुर होऊ शकले. आत्मचरित्रकाराला आपल्या शत्रूंविषयी निष्ठुर होणे सोपे असते. कसोटी लागते ती आपल्याविषयी.

आता दुसरी जोडी, मुंबईतल्या तळच्या माणसांची. जयवंत दळवी यांची ‘चक्र’ ही कादंबरी १९६३ सालची. झोपडपट्टीतल्या अम्मा, बेनवा आणि लुका यांचे जिणे दळवींनी नाक न मुरडता आणि डोळे न पुसता लिहिले. त्या काळच्या पांढरपेशा वाचकाला तो धक्काच होता. आजही तिचा वेग आणि तिचे धैर्य जाणवते. पण ही वस्ती बाहेरून आत पाहिलेली आहे. १९७८ साली दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि आतून बाहेर पाहणारे डोळे प्रथम दिसले. त्यातला कावाखान्याचा परिसर, गावाकडची महारकी, मेलेल्या जनावराचे मांस, ही वर्णने आपण कादंबरीतही वाचली असती. जे कादंबरीत वाचायला मिळाले नसते ते निराळेच आहे. बायकोवर संशय घेऊन आपण तिला टाकली, हे पवार लपवीत नाहीत. आपण सोसलेल्या अन्यायाच्या पुस्तकात आपण केलेल्या अन्यायालाही ते जागा देतात. आमच्या मते ‘बलुतं’चा मोठेपणा तिथे आहे.

आणि तिथेही युक्ती आहेच. दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारांना सांगतो अशी पुस्तकाची मांडणी आहे. दोन्ही नावे एकाच माणसाची. एक शिकलेला, पांढऱ्या कपड्यांतला, दुसरा वस्तीतला. अशा आत्मकथनांवर दोन्ही बाजूंनी मारा झाला. सवर्णांतले काही म्हणाले, हे अतिरंजित आहे. दलितांतले काही सुशिक्षित म्हणाले, हा उकिरडा आता कशाला उकरता? मध्ये सापडलेल्या माणसाने आपले दोन भाग केले यात नवल कसले?

येथे आपण विचाराल, मग ‘मी’ मोकळेपणाने म्हणणारे कोणी नाहीच का? आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. पहिला भाग १९३४ साली निघाला. वडिलांचे सोवळे इतके अघोरी की मीठसुद्धा धुवायचे. नवरा कवी, आणि घरात दाणा नसताना हातचे दुसऱ्याला देऊन मोकळा होणारा. तो १८९५ साली ख्रिस्ती झाला तेव्हा या बाईवर आकाश कोसळले. काही वर्षे ती वेगळी राहिली. मग सोवळ्यात वाढलेल्या त्याच बाईने एके दिवशी शांतपणे विचार करून ठरविले की जात माणसाने केली आहे, आता कोणाच्याही हातचे पाणी प्यावे. हे सारे त्या अशा सांगतात की वाचणारा हसता हसता डोळे पुसतो. पुस्तकात दोष आहेत. शेवटाचा भाग सैल पडतो, माणसांची गर्दी होते. पण आमच्या वाचनात ‘मी’ हा शब्द इतक्या निर्धास्तपणे दुसऱ्या कोणत्याही मराठी पुस्तकात आलेला नाही. कारण उघड आहे. लोक काय म्हणतील याची सगळी किंमत लक्ष्मीबाईंनी लिहिण्याआधीच मोजली होती. ज्याचे सगळे बोलून झाले आहे त्याला कोण काय बोलणार?

असा निर्धास्तपणा प्रत्येकाला परवडत नाही. सुनीताबाई देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली निघाले तेव्हा पु. ल. हयात होते आणि साऱ्या महाराष्ट्राचे लाडके होते. घरोघरी वाद झाले ते एकाच प्रश्नावर : तिने त्यांच्याविषयी असे लिहायला हवे होते का? पुस्तक एका बाईने स्वतःचा घेतलेला झाडा होते. वाचकांनी ते नवऱ्याविरुद्धची फिर्याद म्हणून वाचले. आमचे प्रामाणिक मत विचाराल तर पुस्तकात काही ठिकाणी सुनीताबाईही जणू न्यायासनापुढे बोलू लागतात, युक्तिवाद लांबतो, आणि तेवढी पाने आम्हांला जड गेली. पण ते न्यायासन तिथे मांडले कोणी? आपणच.

तेव्हा, श्रोतेहो, आत्मचरित्राला ‘हे खरे कशावरून?’ असे विचारण्यापेक्षा ‘लिहिणाऱ्याने स्वतःला किती सवलत दिली?’ असे विचारावे. आणि कादंबरीला ‘ही कोण?’ असे विचारण्यापेक्षा ‘ही माझ्या ओळखीची का वाटते?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नांनी पोलिसी जबानी मिळते, दुसऱ्यांनी पुस्तक मिळते. ज्याला जबानी द्यावी लागते तो नाव बदलतो, ‘मी’चा ‘तो’ करतो, कागद दडवतो, किंवा रमाबाईंसारखा अर्ध्यावर थांबतो. यातून काही थोर पुस्तके निघाली हे खरे. पण जी निघालीच नाहीत त्यांची यादी कोणत्या वाचनालयात मिळणार?

शेवटी एक घरगुती विनंती. आपल्यापैकी कोणाच्या घरी आई, आजी, एखादी सून किंवा निवृत्त झालेले काका वहीत काही लिहीत असतील. ती वही नजरेस पडली तर तिच्यात कोणाकोणाची नावे आली आहेत हे पाहायला उघडू नका. त्यांना लिहू द्या, आणि त्यांनी आपणहून पुढे केली तर पहिल्या पानापासून वाचा. मराठीतले पुढचे चांगले पुस्तक कदाचित तिथेच असेल.