चित्रातले गाव



गुऱ्हाळांवर मजुरीच्या तक्रारी लिहून घेत हिंडणाऱ्या माणसाने जपानी चित्रांवर बोलावे, ह्याचे काहींना हसू आले असेल. आम्हालाही आले होते. आमचे शिक्षण रात्रशाळेत जेवढे झाले तेवढेच. पुढचे सारे आम्ही मागून आणलेल्या पुस्तकांतून आणि अलीकडे घरातल्या पोरांकडून शिकलो. हा विषय पोरांचाच.

अ‍ॅनिमे म्हणजे जपानातली हलती चित्रे. त्यांत पुष्कळदा खऱ्या गावांतले जिने, पूल, रेल्वेची फाटके हुबेहूब काढलेली असतात, आणि प्रेक्षक मग त्या जागा शोधत जातात. जपानी लोक ह्या हिंडण्याला तीर्थयात्रेचाच शब्द वापरतात. चौफुल्यावरून दर वर्षी तुकोबांची पालखी जाताना पाहणाऱ्या आपल्याला तो शब्द जरा जड वाटेल, पण असो.

शिगा प्रांतात तोयोसातो नावाचे लहानसे गाव आहे. तिथली शाळा १९३७ साली बांधलेली. ह्या शतकाच्या आरंभी ती पाडायचे घाटत होते. गावकरी भांडले, कोर्टात गेले, इमारत वाचली. पुढे २००९ साली 'के-ऑन' ही मालिका निघाली, तिच्यातली शाळा ह्याच इमारतीवरून काढलेली. जिन्याच्या कठड्यावर धातूचे ससा नि कासव बसवले आहेत, आपल्याच गोष्टीतले. तेही चित्रात आले. आज लांबून लोक येतात ते त्या कासवावर हात फिरवायला. ते कासव गावाने भांडून राखले आहे, हे त्यांतल्या किती जणांच्या मनात येत असेल?

आणि ते काढले कोणी? क्योतो अ‍ॅनिमेशन ह्या संस्थेतल्या कामगारांनी. होय, आम्ही त्यांना कामगारच म्हणणार. ह्या धंद्यात जपानात पुष्कळदा नगावर मजुरी मिळते. ह्या संस्थेने मात्र पगारी माणसे ठेवली होती. १८ जुलै २०१९ रोजी एका माणसाने तिथे पेट्रोल ओतून आग लावली. ३६ जण गेले, त्यांत तरुण पुष्कळ. ही हकीकत वाचल्यावर ते ससा-कासव आम्हाला पहिल्यासारखे दिसेनात.

आता आपल्याकडचे पाहू. वाईजवळ मेणवलीला कृष्णेवर नाना फडणविसांचा वाडा आणि घाट आहे. १७३९ साली मराठ्यांनी वसई घेतली, तिथली पोर्तुगीज घंटा तिथे टांगलेली आहे. २००४ साली आलेल्या 'स्वदेस'मधले चरणपूर हे गाव ह्याच घाटावर उभे राहिले. चित्रपटात मात्र ते उत्तर प्रदेशातले! जपान्यांनी नाव बदलले तरी गाव जपानातच ठेवले. आपण सातारा जिल्हा उचलून थेट गंगेच्या मुलखात नेला.

आम्ही गेलो तेव्हा गुऱ्हाळावरचे तिघे बरोबर होते, मूळचे उत्तर प्रदेशाचे. त्यांतला वयस्क घाट पाहून म्हणाला, "साहेब, हे तर आमच्या मुलखातलं म्हणून दाखवलं होतं. आमच्याकडे शोधलं असतं तर जन्मभर सापडलं नसतं."

सगळे हसलो आणि फोटो काढायला उभे राहिलो. खालच्या पायरीवर एक बाई धुणे आपटत होती. आम्ही म्हणालो, "मावशी, जरा बाजूला होता का? सिनेमात होतं तसं चित्र यायला हवं."

बाई म्हणाली, "होते की. एवढं धुणं होऊ द्या."

रागाने नव्हे, सहज म्हणाली. पण आम्हाला घाम फुटला. कामाच्या जागेवरून हटू नका असे ज्याने तीस वर्षे लोकांना सांगितले, तोच एका बाईला तिच्या कामावरून उठवत होता, कशासाठी, तर चित्र जुळावे म्हणून!

तो वयस्क गडी मुकाट्याने खाली उतरला आणि चादरीचे दुसरे टोक धरून तिला पिळू लागला. फोटो राहिला तो राहिलाच. परतताना वाईला चहा घेतला तेव्हा त्याने विचारले, "साहेब, गुऱ्हाळावर कुणी सिनेमा काढील का?"

आम्ही म्हटले, "काढला आणि लोक पाहायला आले, तर चुलवाणाला जाळ घालणाऱ्याला तेवढे उठवू देणार नाही."