उत्सवाचे पोस्टर कोणाला बोलावते?

(बुलढाणा जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



पोस्टर कसे असावे या विषयावर एखाद्या चित्रकाराने बोलणे अधिक उचित झाले असते. मी चित्रकार नाही. परंतु पोस्टरचा मजकूर लिहिणे, तो छापून घेणे आणि रात्री खळीची बादली घेऊन ते भिंतीवर चिकटविणे ही तिन्ही कामे मी अनेक वर्षे केली आहेत. त्यांत ज्या चुका केल्या, त्यांच्याच आधारावर आज बोलणार आहे.

उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले घेऊ. १२ जानेवारी १५९८ हा जिजाऊंचा जन्मदिवस आणि सिंदखेडराजा हे त्यांचे जन्मगाव. दर वर्षी त्या दिवशी लखुजी जाधवांच्या राजवाड्यापाशी दूरदूरच्या गावांतून माणसे येतात. त्याआधीचे आठ दिवस जिल्ह्यातील कोणत्याही चौकात उभे राहून पाहा. वर जिजाऊंचे चित्र असते. त्याच्याभोवती मानाच्या उतरंडीने चेहरे मांडलेले असतात : राज्याचे वर, जिल्ह्याचे मधे, तालुक्याचे खाली आणि ज्यांनी वर्गणी दिली त्यांचे अगदी तळाशी, मोहरीएवढे. मधोमध ‘हार्दिक शुभेच्छा’. कार्यक्रम किती वाजता सुरू होणार, कोठे होणार, परतीची गाडी मिळेल अशा वेळी तो संपणार की नाही, याचा त्या भव्य फलकावर एका अक्षरानेही उल्लेख नसतो. असले फलक केवळ इतर पक्षांचे असतात असे म्हणून आपली सुटका होणार नाही. आपलेही असतात. फरक एवढाच, की आपल्याकडे पैसे कमी असल्यामुळे चेहरे थोडे कमी असतात!

असा फलक गावकऱ्यांसाठी नसतोच. ‘आम्ही आहोत, आमच्यावर लक्ष असू द्या’ असा तो वरच्यांना केलेला अर्ज असतो. शुभेच्छा आणि निमंत्रण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुभेच्छा देणारा स्वतःकडे पाहतो. निमंत्रण देणाऱ्याला मात्र येणाऱ्याच्या अडचणीचा विचार करावा लागतो.

ही गोष्ट मला फार उशिरा कळली. चिखली तालुक्यातील एका गावी आम्ही जयंतीनिमित्त महिलांचा मेळावा ठेवला होता. पोस्टर मोठे देखणे झाले होते. घोषणा जोरदार होती, तारीख होती, गावाचे नाव होते. वेळ घालायची मात्र राहिली. शेजारच्या खेड्यातून पंधरा-वीस बाया मजुरी बुडवून सकाळीच आल्या. आमचा कार्यक्रम दुपारी तीनचा. दीड वाजेपर्यंत त्या शाळेच्या ओट्यावर बसल्या आणि शेवटी उठून परत गेल्या. त्यांच्यातली एक म्हातारी जाताना मला एवढेच म्हणाली, ‘भाऊ, आमचा रोज गेला.’ त्या दिवसापासून पोस्टरचा मजकूर हातात आला की मी घोषणा वाचत नाही, आधी वेळ शोधतो.

तेव्हा पहिला नियम हा, की वार, तारीख, वेळ आणि जागा या चार गोष्टी पोस्टरवर सर्वांत ठळक असाव्यात. वार मी मुद्दाम प्रथम म्हणतो. खेड्यात आठवडा बाजाराने मोजला जातो. ‘बाजाराच्या दुसऱ्या दिवशी’ हे ज्याला चटकन कळते त्याला नुसता आकडा पुरत नाही.

अक्षरांविषयी दोन शब्द. पाट्या रंगविणाऱ्यांचा एक ठोकताळा आहे : दहा फुटांवरून सहज वाचायचे तर अक्षर एक इंच उंच हवे. एस.टी. स्थानकाच्या भिंतीवरचे पोस्टर तीस फुटांवरून दिसावे असे वाटत असेल, तर मुख्य ओळ तीन इंचांची हवी. हा हिशेब रोमन लिपीवरून आलेला आहे. आपल्या देवनागरीत शिरोरेषेवर वेलांट्या आणि मात्रा, खाली उकार. या सर्वांना जागा दिली की मूळ अक्षराच्या वाट्याला उंची कमी येते. म्हणून आपण अक्षर थोडे मोठेच धरावे आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडावी. नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो आणि वाचणारा दोन्ही सोडून देतो. पिवळ्यावर काळे लांबून दिसते. हिरव्यावर लाल जवळून आकर्षक वाटते, पण संध्याकाळच्या उजेडात दोन्ही रंग एकमेकांत बुडतात. शिवाय काही पुरुषांना त्या दोन रंगांतला भेद जन्मतःच कळत नाही.

आता चित्राकडे येतो. येथे आपल्याला शेजारचाच एक धडा उपलब्ध आहे. मलकापूरपासून फार दूर नसलेल्या फैजपूरला डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. गांधीजींनी त्याच्या सजावटीसाठी शांतिनिकेतनहून नंदलाल बोस यांना बोलावले आणि त्यांनी बांबूसारख्या गावात मिळणाऱ्या साहित्यातूनच ती उभी केली. पुढे फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनासाठी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हातकागदावर मातीच्या रंगांत सुमारे चारशे पोस्टरे केली. अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. तेव्हा त्यांचा चेहरा चारशे वेळा रंगविता आला असता. नंदलालबाबूंनी रंगविले ढोल वाजविणारे, मल्ल, सुतार, शिंपी, कामात गढलेल्या बाया. अधिवेशनाला येणारा खेडूत प्रवेशद्वारापाशी स्वतःलाच भेटत होता. त्या चित्रांची रेषा ठळक आणि रंग मोजके होते. चालता चालता पाहणाऱ्याला चित्र कळावे हा हिशेब त्यात होता.

सिंदखेडराजाच्या पोस्टरवर काय असावे? जिजाऊंचे आपण सर्वत्र पाहतो ते चित्र पुढच्या काळातील चित्रकारांनी कल्पनेने रंगविलेले आहे. ते लोकांना प्रिय आहे, त्याला माझा विरोध नाही. परंतु शंभर फलकांवर तेच चित्र असले की त्यातला आपला फलक कोणता हे कळत नाही. राजवाड्याचा तो दगडी दरवाजा आणि त्यातून आत जाणाऱ्या चार मुली, एवढे जरी एका रंगात छापले तरी जागा कोणती आणि बोलावणे कोणाला हे निरक्षर माणसालाही उमजेल.

फ्लेक्सच्या सोयीबद्दल मी नाक मुरडणार नाही. संगणकावर दुपारी मजकूर दिला की संध्याकाळी फलक तयार, आणि स्वस्तही. ट्रेडलवर लाकडी खिळे जुळवून छापलेल्या गुलाबी कागदाच्या आठवणीने गहिवरण्याचे मला कारण नाही. त्या कागदावरही आम्ही वेळ विसरलोच होतो. पण या शतकाच्या आरंभापासून फ्लेक्स पसरला आणि तालुक्यातालुक्यातील पेंटरांचा धंदा गेला, ही गोष्ट कामगारांची बाजू घेणाऱ्यांनी तरी नजरेआड करू नये. फ्लेक्स कुजतही नाही. उत्सव संपला की तो गोठ्यावर नाहीतर सोयाबीनच्या सुडीवर जाऊन बसतो, आणि पावसाळाभर आपल्या नेत्यांची तोंडे आभाळाकडे पाहत राहतात. हाच एक त्याचा निःसंशय लोकोपयोग!

मे १९६८ मध्ये पॅरिसच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी संपाच्या दिवसांत एका रंगात हाताने छापून काढलेली पोस्टरे जगभर गाजली. त्यांवर कोणाचीही सही नव्हती. आपल्या तरुणांना मी विचारतो : ज्यावर आपले नाव नाही आणि फोटोही नाही असे पोस्टर लावण्यासाठी रात्री दोन वाजता उठण्याची आपली तयारी आहे काय? खर्च कोणी करावा हा प्रश्न नंतर येईल.

आणि छापण्यापूर्वी एक करा. नमुना घेऊन एस.टी. स्थानकावर जा. ओळखीचा नसलेल्या एखाद्या प्रवाशाला, शक्यतो बाईला, तो पाच सेकंद दाखवा, मग उलटा करून विचारा : कधी आहे? कुठे आहे? तीच गोष्ट फोनच्या तळहाताएवढ्या पडद्यावर करून पाहा, कारण आज निम्मी पोस्टरे तेथेच वाचली जातात. उत्तर आले नाही तर छापखान्याकडे जाऊ नका. आणि १३ जानेवारीला सकाळी ही पोस्टरे कोण उतरविणार, त्या दोघांची नावे आजच्याच बैठकीत ठरवून टाका. मालमत्ता विद्रूपणाचा १९९५ चा कायदा आपल्यालाही लागू आहे, आणि भिंतीचा मालक बहुधा आपलाच मतदार असतो.