विजेची आगगाडी अडते तेव्हां

पुण्यास कोथरूड येथें १९९८ सालीं जोशी यांचें छोट्या आगगाड्यांचें संग्रहालय उघडलें. तें पाहून सातारा-सांगलीकडील एखाद्या मुलानें तशी गाडी घरीं मांडावी आणि ती मध्येंच अडावी, म्हणजे तो लागलाच इंजिन उघडूं पाहतो. तें अगदीं शेवटीं करावें. अशा गाडींत बहुधा १२ व्होल्टपर्यंतची वीज एका रुळांतून चाकांवाटे मोटरींत जाते व दुसऱ्या रुळांतून परतते. हा मार्ग कोठें तुटला, एवढेंच प्रथम शोधावयाचें.

इंजिन दर फेरींत एकाच जागीं थांबलें, तर तेथील रुळाचा सांधा घट्ट करावा. जागा बदलत राहिली, तर वीज बंद करून रूळ व चाकें स्पिरिटच्या फडक्यानें पुसावीं. सर्वच इंजिनें थांबलीं, तर दोन्ही रुळांवर एखादी टाचणी आडवी पडली आहे काय, तें पाहावें.

ही केवळ खेळांतली गोष्ट नव्हे. खऱ्या रेल्वेंतहि पुष्कळ ठिकाणीं रुळांतून सौम्य वीज खेळवितात. गाडीचीं चाकें दोन्ही रूळ जोडतात, म्हणून मागचा सिग्नल लाल होतो. रूळ गंजले, तर उभी गाडीहि त्या यंत्रणेस उमगेलच असें नाहीं. म्हणून मुलाच्या हातीं आधीं फडकें द्यावें, पेचकस मागाहून.